रेघ नसलेली होडी

देवबाग
२७ नोव्हेंबर २०२५

चि. रसिका,

आशीर्वाद आहेतच, ते वेगळे लिहीत नाही. तू मागच्या पत्रात विचारलंस, काकी, अजून पत्रच का? अगो, कानाचं यंत्र लावलं तरी फोनवर तुझं बोलणं पत्र्यावर पाऊस पडल्यासारखं येतं. आणि मोबाईलवर लिहायला माझी बोटं ऐकत नाहीत. शिवाय तुझं पत्र आलं की मी माडाखाली बसून सगळ्या बायकांना वाचून दाखवते. बहिरी असल्यामुळे आवाज मोठा, त्यामुळे पलीकडच्या आळीलाही वेगळं सांगावं लागत नाही. तू दहावीपर्यंत माझ्या घरी वाढलीस, तेव्हा तुझी कौतुकं सांगायचा हक्क माझाच.

यावेळी मात्र काम आहे म्हणून लिहितेय. राधाबाईचा मुलगा गुरुप्रसाद गेला. दिवाळीनंतर मधल्या खडपाजवळ, त्या पाण्यातल्या खडकांपाशी, त्याची होडी उलटली. होडी मिळाली, तो मिळाला नाही. आठ-दहा दिवस सगळ्यांनी शोधलं, मग शोध थांबवला. 'वयनी, आता वाट बघू नका' हे राधाबाईला सांगायला तुझे काकाच गेले, कारण दुसऱ्या कुणाची छाती झाली नाही. ती ऐकत नाही. रोज उजाडलं की किनाऱ्यावर येऊन बसते.

आपली रीत तुला ठाऊक आहे. जिथे माणूस गेला त्या पाण्यात, घरची बाई स्वतः किनाऱ्यावर येऊन 'घाला जाळी' म्हणत नाही तोवर कुणी जाळं टाकायचं नाही. राधाबाई अजून म्हणालेली नाही. आणि परवा मंगळवारी, जत्रेच्या दुसऱ्या सकाळी, खडपाजवळ फाटक्या जाळ्याचा तुकडा आणि बोया तरंगताना दिसल्या. रात्रभर सगळा गाव दशावतार बघत होता, एकही होडी बाहेर जायची नव्हती. कुणीतरी डाव साधला. राधाबाईने त्या बोया बघितल्या आणि पाण्याकडे पाठ फिरवून बसली. मला ते तिच्या रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

तुम्ही तिथे बेंगळुरूला बसून आकाशातून समुद्रावरची जहाजं बघता म्हणतेस. मग मंगळवारची पहाट बघून सांग. कोण होतं तिथे?

तुझी काकी,
सुभद्रा

*

बेंगळुरू
६ डिसेंबर २०२५

प्रिय काकी,

गुरुप्रसादचं वाचून आधी शाळाच आठवली. तो माझ्या मागच्या बाकावर होता, माझ्या वेणीला कागदाची शेपटं बांधायचा.

तुझं काम केलं. आमच्या ऑफिसात परवानगी काढावी लागते, पण साहेबांना मी अशी काही गोष्ट रंगवून सांगितली की ते स्वतःच म्हणाले, बघ लगेच. आपलं नशीब, त्या मंगळवारी पहाटे उपग्रह बरोबर मालवणवरून गेला होता.

आधी तुझ्या माडाखालच्या मंडळींना समजावून सांगते. हा कॅमेऱ्याचा फोटो नव्हे. कॅमेऱ्याला उजेड लागतो. आमचं रडार स्वतःच वरून लहरी सोडतं आणि खालून परत येतील त्या टिपतं, त्यामुळे त्याला काळोख काय आणि ढग काय, सारखेच. शांत पाणी लहरी परत पाठवत नाही, म्हणून समुद्र काळा दिसतो. होडी परत पाठवते, म्हणून तिचा पांढरा ठिपका दिसतो. धावती होडी असेल तर तिच्यामागे पाण्यावर उठलेली लांब रेघही दिसते.

खडपाच्या आसपासचा तुकडा मी कापून मोठा करून बघितला. एकच होडी आहे, अगदी खडपाच्या अंगावर. आणि काकी, तिच्यामागे रेघ नाही. म्हणजे ती धावत नव्हती, उभी होती. काळोखात त्या जागी होडी उभी करून कुणी आरती म्हणत नाही. जाळंच टाकत होते.

होडी कुणाची ते आकाशातून कळत नाही, ते तुम्ही शोधा. पण ती उभी होती, हे मी पैजेवर सांगते. सहा वर्षं हेच करतेय मी. राधाबाईंना म्हणावं, वरून कुणीतरी बघत होतं.

तुझी,
रसिका

*

देवबाग
१३ डिसेंबर २०२५

चि. रसिका,

तुझं पत्र आलं आणि मी नेहमीसारखं मोठ्याने वाचलं. त्या दिवशी रापणीचं मोठं जाळं किनाऱ्यावर ओढून झालं होतं म्हणून पुरुषमाणसंही बसली होती. रापण संघाचा अजय म्हणाला, देवळात कौल लावूया का? दुसरा म्हणाला, आता कौल कशाला, आभाळातून फोटो आला आहे.

मग प्रश्न आला, होडी कुणाची. खाडीकाठची हौसाबाई म्हणाली, "जत्रेच्या फाटेक माका सत्यवानाच्या होडयेच्या मशीनचो आवाज इलो. मी म्हटलंय, ह्यो खंय जाता?"

माझ्या नवऱ्याचं नाव ऐकलं आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला आठवलं, त्या पहाटे मी नाटक सोडून घरी आले तेव्हा तुझे काका घरात नव्हते. मी समजले, देवळात असतील. हे मी तोंडाने बोलले नाही, पण माझा चेहरा पडला आणि तो सगळ्यांनी वाचला. तुझं पत्र वाचायला मला शब्द तरी लागले.

मी पत्राची घडी घालून उठले. राधाबाई तिथेच बसली होती. तिच्या समोरून न येता मी मागच्या वाटेने घरी आले. माझ्याच तोंडाने माझ्याच घराची लाज मी वाचून दाखवली, रसिका.

काकी

*

बेंगळुरू
२० डिसेंबर २०२५

प्रिय काकी,

तुझं पत्र मी जिन्यात उभी राहून वाचलं, मग पुन्हा वाचलं.

काका असतील असं स्वप्नातही आलं नव्हतं. आलं असतं तर मी बघितलंच नसतं, असं म्हणावंसं वाटतं. पण तेही बरोबर नाही. दुसऱ्या कुणाची होडी असती तर मी खुशाल सांगितलं असतं, मग काकांसाठी वेगळा न्याय कसा लावू? चित्र नात्यातल्या माणसाला ओळखत नाही.

मी ते पुन्हा उघडून बघितलं. होडी तिथेच आहे आणि रेघ नाहीच.

मला वाटतं, काकांनी राधाबाईंपुढे जाऊन चुकलो म्हणावं. त्या दिवसांत मासळी तिथेच लागत असेल, मोह झाला असेल. माणूस आहे. मान्य केलं तर लोक विसरतील. तू त्यांना समजाव. मी फोन करणार होते, दोनदा नंबर काढला, पण काय विचारायचं? त्यांना माझ्याशी खोटं बोलावं लागलं तर ते मला ऐकवणार नाही.

तू जेवत जा.

रसिका

*

देवबाग
२ जानेवारी २०२६

चि. रसिका,

तू सांगितलंस तसं समजावून बघितलं. देवापुढे दिवा लावला आणि विचारलं. म्हणाले, "मी थंय जाळा टाकूक नाय." मी म्हटलं, मग पहाटे कुठे होता? पुन्हा विचारलं, तर उठून अंगणात गेले आणि झाडणी घेऊन झाडत बसले. खरं बोलणारा माणूस झाडत बसतो का? तूच सांग.

रापणीवर गेले तर त्यांच्यासाठी दोरावर जागा नव्हती. कुणी 'जा' म्हणालं नाही. त्यांनी जिथे हात घातला तिथली माणसं फक्त दोर सोडून पुढे सरकली. असं दोन ठिकाणी झालं, मग ते मागे येऊन वाळूत उभे राहिले. जन्मभर ज्या दोराला त्यांचा हात होता, तो दोर लोक त्यांच्या डोळ्यांसमोरून ओढत घेऊन गेले. मी कुंपणाआडून बघत होते. बाहेर आले नाही. त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहावं एवढं माझ्याकडून झालं नाही, हे तुला सांगते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

घरात आम्ही कामापुरतं बोलतो. मी ताट वाढते, झाकून ठेवते आणि मागच्या दारी जाऊन बसते. ते जेवून ताट स्वतः धुऊन ठेवतात.

आताही काळोखातच होडी घेऊन जातात आणि उजाडायच्या आत खाडीत परत येतात. कुणाला तोंड दाखवायला नको म्हणून असेल. मासळी काही आणत नाहीत. कधी वाटतं, पुन्हा खडपावरच जात नसतील ना? नवऱ्याविषयी असलं मनात येतं याचीही लाज वाटते, आणि आलेलं जातही नाही.

तुझी पत्रं मी आता मनातच वाचते.

काकी

*

बेंगळुरू
२४ जानेवारी २०२६

काकी,

हे पत्र दोनदा लिहून फाडलं. आता सरळ लिहिते. काका तिथे नव्हते. चूक माझी आहे.

आमच्याकडे सलोनी नावाची नवी मुलगी आली आहे, तिला मी काम शिकवते. पहिल्याच दिवशी शिकवायचा एक धडा असतो. मी तिला आपल्याच बाजूचं, कणकवलीजवळचं एक चित्र दाखवलं. त्यात रेल्वेची गाडी रुळांवर नाही, रुळांपासून लांब भाताच्या मळ्यातून चाललेली दिसते. नवीन माणूस हसतो, तशी तीही हसली. मग मी नेहमीसारखं सांगायला लागले. रडार वरून जाता जाता एकाच जागेवर पुन्हा पुन्हा लहरी सोडतं आणि परत आलेल्या सगळ्या लहरी जुळवून कोण कुठे आहे ते ठरवतं. ते धरून चालतं की खाली सगळं जागच्या जागी आहे. पण एखादी वस्तू उपग्रहाच्या दिशेने किंवा त्याच्यापासून लांब धावत असली, की ही जुळणी चुकते आणि ती वस्तू भलत्याच जागी उमटते. होडीचंही तसंच होतं. होडी सरकून दिसते, पण तिने पाण्यावर काढलेली रेघ बहुतेक आपल्या खऱ्या जागीच राहते. म्हणून होडीमागे रेघ दिसली नाही तर लगेच उभी आहे म्हणायचं नाही, आजूबाजूला रेघ शोधायची.

हे मी माझ्या तोंडाने बोलत होते, काकी. बोलता बोलता माझे कान तापले. सलोनीला चहा प्यायला पाठवलं आणि ते मंगळवारचं चित्र पूर्ण उघडलं. आधी मी फक्त खडपाचा तुकडा कापून घेतला होता ना! त्या तुकड्याच्या बाहेर, दक्षिणेला जवळजवळ अर्धा किलोमीटर, पाण्यावर एक लांब सरळ रेघ आहे. पश्चिमेकडून येते आणि खाडीच्या तोंडाकडे जाते. तिच्या टोकाला होडी नाही. मी मोजून बघितलं. त्या रेघेची होडी उचलून खडपावर ठेवल्यासारखी दिसते, तीच ही होडी. ती उभी नव्हती. ती भरधाव घराकडे येत होती. धावत होती म्हणूनच मला उभी दिसली.

मला हे येत नव्हतं असं नाही. येत होतं. तुझं पत्र हातात होतं, जेवणाची सुट्टी संपत आली होती आणि मला तुझ्या माडाखाली शहाणी ठरायचं होतं. म्हणून तुकडा कापला, बघितलं आणि पैज लावून मोकळी झाले. वर त्यांना चूक कबूल करायचा उपदेशही केला. माझी मला इतकी शरम वाटते आहे की ऑफिसात कुणी हाक मारली तरी दचकते.

सोबत पूर्ण चित्र छापून पाठवते आहे. रेघेवर आणि होडीवर लाल खूण केली आहे. पहिलं पत्र जिथे वाचलंस तिथेच हे वाच. तेव्हा होते ते सगळे असताना वाच, आणि पूर्ण आवाजात.

रसिका

*

देवबाग
३ फेब्रुवारी २०२६

चि. रसिका,

वाचलं. रापण ओढून झाल्यावर, सगळे असताना. चित्रही हातोहात फिरवलं. काकांना येऊ नका म्हणून सांगितलं होतं, तरी ते मागे होड्यांच्या आडोशाला उभे होते.

वाचून झालं. मग अजय हसला. म्हणाला, "पयल्या चित्रात सत्यवानकाको सापडलो, दुसऱ्यात सुटलो. आता तिसऱ्यात कोण गावतलो? पुतणीच्या हातात मशीन आसा, काय व्हया ता दाखवतली." दोघंतिघं हसले. तुला खरं सांगते, पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा क्षणभर मलाही तेच वाटलं होतं. काकांना वाचवायला पोरीने काहीतरी जुळवलं म्हणून. तुझं खोटं ठरलेलं आम्ही एका दमात मानलं आणि खरं सांगायला आलीस तर आम्हाला पुरावा हवा झाला.

तेवढ्यात राधाबाई उठली. गुरुप्रसाद गेल्यापासून ती चारचौघांत बोललेली कुणी ऐकली नव्हती. मला नीट ऐकू येईना म्हणून मी तिच्या पुढ्यात जाऊन तोंडाकडे बघत राहिले.

म्हणाली, "तो खडपार नाय होतो. माका ठाऊक आसा. सगळ्यांनी शोध थांबवल्यानी, त्या दिसापासून सत्यवान रोज काळोखात जाता. माज्या झिलाक सोदता. मी बघतंय म्हणान उजाडच्या आदी धावत परत येता. माका परत आशा लागात म्हणान भिता तो."

अजय म्हणाला, "मगे इतके दिस बोललात नाय कित्याक?"

तिने मान खाली घातली. "बोललंय असतंय तर तो जावचो थांबलो असतो. माका तो थांबाक नको होतो. तुमी तेका दोरावरना काढलात ता मी बघलंय. तरी गप रवलंय. माका लाज वाटता, पण मी आवस आसंय."

रसिका, त्या आईचं ऐकून मग तिथे कुणाची मान वर नव्हती. अजयने हातातलं चित्र उगाच दुमडलं आणि परत उलगडलं. हौसाबाई तोंडाला पदर लावून बसली. आणि तुझे काका आडोशातून पुढे आले ते राधाबाईवरच रागावले. "वयनी, तुमी सांगलात कित्याक?" म्हणाले आणि मग वाळूत बसून पोरासारखे रडले. एवढी वर्षं संसार केला, मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं.

फाटकं जाळं कुणाचं ते अजून कळलेलं नाही. बाहेरून वाहत आलं असेल असं आता सगळे म्हणतात. तेव्हा एकानेही म्हटलं नाही.

घरी आल्यावर मी विचारलं, मला तरी सांगायचं होतं. तर म्हणतात कसे, "तुका सांगलंय असतंय तर सगळ्या वाडीयेक ऐकाक गेला असता. तुझो आवाज मोठो." यावर मी भांडायला हवं होतं. पण तोंडच नव्हतं.

काल पहाटे राधाबाई आमच्या दारात आली आणि म्हणाली, आज मीही येते. आपल्याकडे बाईमाणसाला मासेमारीच्या होडीत घेत नाहीत, तुला ठाऊक आहे. काकांनी तिला हात धरून चढवलं. उजाडल्यावर परत आली ती उघड, सगळ्यांसमोर, अगदी सावकाश. उतरली, रापणीपाशी गेली आणि म्हणाली, "घाला जाळी."

अजयने दोर उचलून काकांसमोर धरला. काकांनी घेतला. सगळं पूर्वीसारखं झालं असं लिहिणार होते, पण तसं नाही. लोक आता त्यांच्याशी फार गोड बोलतात, आणि त्याने ते आणखी अवघडतात.

तू कधी येतेस?

काकी

*

बेंगळुरू
१० फेब्रुवारी २०२६

ती. काका,

तुम्हाला वेगळं पत्र मी कधी लिहिलं नव्हतं. काकीच्या पत्रात खाली 'काकांना नमस्कार' एवढं लिहून सुटायची.

काकीने सगळं कळवलं. मी ते पत्र कुणाला वाचून दाखवलं नाही.

मी तुमच्या घरात वाढले. तुम्ही जे पाहिलंत ते पाहिलं आणि नाही ते नाही म्हणता, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं. तरी तुमची होडी तिथे दिसली तेव्हा मला एकदाही वाटलं नाही की आधी तुम्हाला विचारावं. चित्र पुन्हा उघडून बघितलं, तुम्हाला फोन केला नाही. चित्र वाचण्यातली चूक माझ्या धंद्यातली आहे, ती मी ऑफिसात लिहून दिली आणि बोलणी खाल्ली. ही दुसरी चूक कुठे लिहून द्यायची ते मला कळत नाही.

काकी विचारते, कधी येतेस. सुट्टी मिळते आहे, पिशवीसुद्धा भरून ठेवली आहे. पण मी दारात आले की तुम्ही काहीच झालं नाही असं 'इलंस गो?' म्हणाल, माझ्या हातातली पिशवी घ्याल आणि काकीला ताट वाढायला सांगाल. ते मला सोसणार नाही.

एकदा तरी मला रागवा, काका. पत्रातून, फोनवर, कसंही. मनात असेल ते सगळं बोला. मग मी येते.

तुमची,
रसिका